वीकेंड शेतकरी व्हायचंय? आधी कॅलेंडर बदला!

सोमवार ते शुक्रवार क्युबिकल, शनिवारी शेत... माझ्या ग्रुपमध्येच असं स्वप्न बघणारे चौघं आहेत. पण बॉस, शेतीला वीकेंड कळत नाही, हंगाम कळतो!

मावळात जूनमध्ये भाताचं रोप टाकतात, तीन-चार आठवड्यांनी लावणी. तेव्हा रजा हवीच. दिवाळीच्या आसपास कापणी, मग उरलेल्या ओलीवर हरभरा. उन्हाळा मशागतीचा.

शेळ्या पाळायच्यात? दोनच घ्या. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस चुकवू नका. आणि तुम्ही रविवारी परतलात, तरी सोमवारी त्यांना चारा लागतोच.

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. म्हणून आधी ओळखीच्या शेतकऱ्याबरोबर अख्खं वर्ष राबून बघा. चिखलातही मजा आली, तर पुढचं बोलू!