मूलपेशी रोपण : रुग्णाची पात्रता कशी ठरते?

रक्ताच्या कर्करोगाने पीडित रुग्णांच्या कुटुंबीयांकडून धर्मगुरूंना एक प्रश्न वारंवार विचारला जातो : "फादर, सख्ख्या भावाच्या पेशी जुळल्या आहेत, मग डॉक्टर रोपण का करीत नाहीत?" प्रश्न रास्त आहे, म्हणून ही निवड कशी होते हे समजून घेणे उचित ठरेल.

या उपचारात तीव्र औषधे, प्रसंगी किरणोपचार देऊन रुग्णाची रोगग्रस्त अस्थिमज्जा नष्ट करतात आणि दात्याच्या मूलपेशी शिरेतून देतात. अमेरिकेचे डॉ. डॉनल थॉमस यांना या कार्याबद्दल १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात असे रोपण १९८३ साली झाले. मात्र जंतुसंसर्गाने अथवा दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला केल्याने उपचारही प्राणघातक ठरू शकतो. म्हणून रोगाचा धोका मोठा की रोपणाचा, हे आधी तोलावे लागते.

प्रथम रोगाचा विचार होतो : तो औषधांनी आटोक्यात आला आहे काय, आणि पुन्हा उलटण्याचा संभव किती? त्यानंतर दाता. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळणी होण्याची शक्यता २५ टक्के असते; परंतु आता निम्मी जुळणी असलेले आईवडील वा मुलेही दाते होऊ शकतात.

तिसरी बाब शरीराची. हृदय, फुप्फुसे, यकृत व मूत्रपिंडे तपासतात. क्षयरोग, कावीळ यांसारखे सुप्त संसर्ग शोधतात. सिएटल येथील संशोधकांनी २००५ साली सहव्याधींची गुणपद्धती मांडली. तीत मधुमेहास १ गुण, तर फुप्फुसांच्या गंभीर विकारास ३ गुण आहेत. एकूण गुण ३ वा अधिक झाल्यास धोका मोठा समजतात. तथापि केवळ बेरजेवर निर्णय होत नाही. वयाचेही तसेच. सौम्य पूर्वतयारीच्या पद्धतीमुळे साठी ओलांडलेल्यांचाही विचार होतो. रुग्ण चालतो-फिरतो काय, स्वतःची कामे करतो काय, याला जन्मतारखेहून अधिक महत्त्व आहे.

शेवटी घर. रोपणानंतर अनेक महिने काळजी घेणारे माणूस, रुग्णालयाजवळ निवारा आणि खर्चाची तरतूद लागते. म्हणून जमीन विकण्यापूर्वी किंवा कर्ज काढण्यापूर्वी हे मूल्यमापन पूर्ण होऊ द्यावे.

काही भाविकांना नैतिक शंका असते. ख्रिस्तसभेचा विरोध मानवी भ्रूण नष्ट करून मिळविलेल्या पेशींना आहे. प्रौढ व्यक्तीच्या शरीरातून, तिला गंभीर अपाय न करता घेतलेल्या पेशींना नाही, हे २००८ सालच्या 'दिग्नितास पेर्सोने' या दस्तऐवजात स्पष्ट केले आहे. दात्यावर मात्र कुटुंबाने दडपण आणू नये. त्याची संमती मुक्त असावी.

'रोपणास अपात्र' या शब्दांचा अर्थ 'उपचार संपले' असा नव्हे. या रुग्णासाठी त्या घडीला रोपण लाभापेक्षा हानी अधिक करील, एवढाच तो निष्कर्ष असतो. प्रकृती सुधारल्यास फेरविचार होऊ शकतो, आणि इतर औषधे व वेदनाशामक शुश्रूषा हीदेखील खरी सेवा आहे. कुटुंबीयांनी डॉक्टरांना निःसंकोच विचारावे : नकाराचे कारण कोणते, ते दूर होण्याजोगे आहे काय, आणि आता सर्वांत हितकारक उपचार कोणता?