पाट्या वाचता आल्या, घड्याळ चुकलं : नेपाळचा आपला आपण प्रवास

टूर कंपनीशिवाय परदेशी जाता येतं का, असं गावात बरेचजण विचारतात. नेपाळपुरतं तरी उत्तर 'येतं' असं आहे. २०२५ च्या जानेवारीत, भाताची मळणी आटोपल्यावर, बेळगुंदीतून आम्ही सातजण गेलो होतो. काय जमलं आणि काय फसलं ते सांगतो. पुढे जाणाऱ्यांना उपयोग होईल.

व्हिसाची भानगड नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे दोन्ही देशांच्या नागरिकांना ये-जा मोकळी आहे. पासपोर्ट नसला तर मतदार ओळखपत्र चालतं, मात्र आधार कार्डाच्या भरवशावर कुणी निघू नये. मुंबईहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली. सोनौलीला एका कमानीतून चालत पलीकडे गेलं की नेपाळ. सामानाच्या पिशव्या डोक्यावर घेतलेल्या बायका आपल्याबरोबरच सीमा ओलांडत असतात. आपण परदेशात आलो हे तात्यांना दोनदा सांगावं लागलं.

आणि पलीकडे गेल्या गेल्या आम्ही थांबलोच. समोरच्या सगळ्या पाट्या देवनागरीत! दुकानं, बस, पोलीस चौकी, सरकारी कचेरी, सगळं. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीत गेलं की आमच्यातल्या काकू आधी कुणाला तरी विचारतात, "बाळा, ह्या फळीवर काय लिवलंय बघ की." परदेशात मात्र त्याच पुढे होऊन आम्हाला पाट्या वाचून दाखवत होत्या. काठमांडूपर्यंत रात्रभराचा प्रवास, पण उजेड होता तोवर त्यांचं वाचन थांबलं नाही.

वाचता आलं म्हणजे कळलं असं नाही, हे जेवताना समजलं. 'खाजा घर' वाचून आम्ही जत्रेतल्या खाजाच्या आशेने आत शिरलो. नेपाळीत खाजा म्हणजे मधल्या वेळचं खाणं. 'मासु' म्हणजे मासे नव्हेत, मटण-चिकन वगैरे. मासळीला 'माछा' म्हणतात. आमच्यात दोघे माळकरी होते, त्यांनी मग डाळ-भात आणि तरकारी सोडून कशाला हात लावला नाही. भाताला नावं ठेवायला मात्र जागा नव्हती.

पैशाचा हिशेब सोपा आहे. १९९३ पासून १०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे. दोन्हींना रुपयेच म्हणतात, म्हणून भाव विचारताना "नेपाली की भारू?" असं विचारायचं. आम्ही गेलो तेव्हा १०० च्या वरच्या भारतीय नोटांना तिथे अधिकृत परवानगी नव्हती, निघण्यापूर्वी सध्याचा नियम बघून घ्या.

आता फजिती. सीमेवर घाईत मोबाईलचं सिम घेतलं नाही, काठमांडूत घेऊ म्हटलं. पोचलो शनिवारी. नेपाळात आठवड्याची सुट्टी शनिवारी असते हे आमच्या गावीही नव्हतं. सिमचं ऑफिस बंद, आणि सुट्टी म्हणून पशुपतिनाथाला ही गर्दी!

त्या गर्दीतच एक गंमत झाली. पशुपतिनाथाचे मुख्य पुजारी, भट्ट, परंपरेने कर्नाटकातून जातात. आवारात कुणीतरी कन्नड बोलताना तात्यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी सरळ "ऊट आयता?" म्हणून हाक दिली. समोरचा माणूस चमकलाच. मग रांग कुठली, चामड्याचा पट्टा कुठे ठेवायचा, गाभारा किती वाजता बंद होतो, सगळं त्याने कन्नडमध्ये समजावलं. "हितं बी कन्नड चालतंय की ओ!" तात्या दिवसभर तेच सांगत होते.

संध्याकाळी पोखऱ्याच्या बसचं तिकीट काढलं. त्यावर '६ माघ २०८१'. आमच्याकडे पौष चालू, म्हणून आम्ही वाद घालायला गेलो. खिडकीवरच्या पोराने कॅलेंडर दाखवलं. तिथे विक्रम संवत चालतो, महिने सौर. त्या तिथीला 'गते' म्हणतात आणि इंग्रजी तारखेला 'तारिख'. ६ गते म्हणजे १९ जानेवारी. बरोबर होतं.

तारखेत इतके हुशार झालो की घड्याळ राहिलंच. नेपाळची वेळ आपल्यापुढे पंधरा मिनिटं आहे. १९८६ पासून ते गौरीशंकर शिखराजवळच्या रेखावृत्तावरून वेळ धरतात. बस सातची. चौघे सामान घेऊन आधीच जाऊन बसले. तात्यांसह आम्ही तिघे चहा पिऊन सहा पन्नासला आलो, म्हणजे तिथले सात वाजून पाच. बस गेलेली. तात्यांच्या साखरेच्या गोळ्या काकूंच्या पिशवीत, फोन एकाचाही लागत नाही. तात्या ओट्यावर बसले आणि काही बोलेनात.

कालचाच पोरगा खिडकीवर होता. त्याने ड्रायव्हरला फोन लावला, "नौबिसेमा रोक्नुस् दाइ" असं काहीसं म्हणाला आणि आम्हाला टॅक्सीत घातलं. टॅक्सीवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून धस्स झालं. "नेपाली की भारू?" नेपाली होता. तासाभराने नौबिसेला पोचलो तर बस कडेला उभी, आणि काकू रस्त्यावर. आम्हाला वाटलं आता बसमधले लोक शिव्या घालणार. एका म्हाताऱ्या बाईने सरकून तात्यांना जागा दिली आणि हातावर संत्रं ठेवलं.

पावसाळ्यात मात्र जाऊ नका. डोंगरातल्या या रस्त्यांवर, विशेषतः नारायणगढ ते मुग्लिन, दरडी कोसळून दिवसच्या दिवस वाहतूक अडते. गोळ्या प्रत्येकाने आपल्या खिशात ठेवाव्यात. सिम सीमेवरच घ्यावं. काकूंनी सोनौलीच्या कमानीतून परत येताना घड्याळ मागे केलं नाही, बेळगुंदीत आल्यावरही चार दिवस ते पंधरा मिनिटं पुढेच होतं.