कृत्रिम सांधा आणि हाडांचा जमाखर्च

समाजातील अनेक ज्येष्ठ श्रावक-श्राविकांनी गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया करून घेतली आहे. वेदना थांबली, मंदिराच्या पायऱ्या पुन्हा चढता येऊ लागल्या की रुग्ण निश्चिंत होतो आणि पुढील तपासण्या मागे पडतात. परंतु कृत्रिम सांध्याभोवतीचे हाड वेदनेची चाहूलही न देता झिजू शकते.

हाड निर्जीव नसते. ‘ऑस्टिओक्लास्ट’ पेशी जुने हाड विरघळवतात, तर ‘ऑस्टिओब्लास्ट’ पेशी नवे रचतात. हा जमाखर्च जुळतो तोवर हाड बळकट राहते.

कृत्रिम सांध्याचे भाग एकमेकांवर घासले की धातूचे व प्लॅस्टिकचे कण सुटतात. त्यांतील पुष्कळसे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान असतात. शरीरातील भक्षकपेशी त्यांना जंतूंप्रमाणे गिळतात, पण पचवू शकत नाहीत. चेतवल्या गेलेल्या या पेशी दाह वाढवणारी रसायने सोडतात आणि त्यामुळे ऑस्टिओक्लास्टची संख्या वाढते. दुसरीकडे, टायटॅनियमच्या कणांमुळे ऑस्टिओब्लास्टमधील कोलॅजेनची निर्मिती मंदावते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. खर्च वाढतो, जमा घटते आणि अखेर सांधा सैल होतो.

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी १९६२ मध्ये पोलादी गोळा व पॉलिइथिलीनची वाटी यांचा खुब्याचा सांधा बसवला. पुढे अशा सांध्यांभोवती हाडाची झीज आढळली, तेव्हा दोष सिमेंटला दिला गेला. सिमेंटविना बसवलेल्या सांध्यांतही तीच झीज दिसल्यावर लक्ष कणांकडे वळले. प्लॅस्टिक टाळणारे, धातूवर धातू फिरणारे सांधेही निर्दोष ठरले नाहीत. कोबाल्ट-क्रोमियमच्या कणांनी काही रुग्णांच्या सांध्याभोवतीच्या ऊतींना इजा झाली. २०१० मध्ये डेप्यू कंपनीने आपले ‘एएसआर’ सांधे जगभरातून परत मागवले. ते भारतातही बसवले गेले होते.

याचा अर्थ शस्त्रक्रियेस भ्यावे असा नाही. बहुसंख्य सांधे पंधरा वर्षांहून अधिक काळ उत्तम साथ देतात, आणि नव्या प्रकारच्या पॉलिइथिलीनची झीज पुष्कळच कमी आहे. मात्र सांध्याचे नाव व क्रमांक असलेले कागद जपून ठेवावेत, वैद्यांनी सांगितलेल्या मुदतीत एक्स-रे काढावा आणि जांघेत वा मांडीत नवी वेदना जाणवल्यास ती वार्धक्याची समजून सोडून देऊ नये. झीज वेळीच ध्यानात आली, तर दुरुस्तीसाठी पुरेसे हाड शिल्लक असते.