निवडुंग दोन, कुळे दोन

राळेगणसिद्धीच्या माळाकडे चला. पारनेर तालुक्याचा हा कोरडवाहू मुलूख. १९७५ नंतर या गावाने पाणी अडवले, झाडे जगवली, ही हकीकत आपणांस ठाऊकच आहे. अशा मुलखात बांधाकडेला दोन तऱ्हेचे निवडुंग दिसतात, एक फड्या आणि दुसरा तिधारी. दोन्ही मांसल, दोन्ही काटेरी. नावही एकच. तेव्हा हे सख्खे भाऊ असणार, असे आपण धरून चालतो. पण तसे नाही बरं का!

फड्या मूळचा अमेरिकेतला. त्याचा फड मोडला तर बुळबुळीत पाणी निघते. तिधारीला मात्र पांढरा चीक येतो. (गुरुजी, मुलांना त्याला हात लावू देऊ नका. डोळ्यांत गेला तर फार इजा होते.) फड्याचे फूल मोठे, पिवळे, आत पुंकेसरांची दाटी. तिधारीची फुले इवलीशी, वाटीत बसवल्यासारखी, आणि फळ तीन खणांचे. असे फळ आणखी कुठे पाहिले? एरंडाला! तिधारी एरंडाच्याच कुळातला.

चीक दिसला म्हणजे कूळ एक, असेही समजू नका. रुईलाही चीक असतो, पण तिचे नाते कण्हेर आणि सदाफुलीशी.

मग फड्याचे सोयरे कोण? आपली घोळीची भाजी! तिचे रसाळ पान दाबून पाहा. माठ, तांदुळजा, बीट हे जरा लांबचे नातलग. फड्याच्या बोंडाचा लाल रंग आणि लाल माठाचा रंग एकाच घराण्यातल्या रंगद्रव्यांचा. जास्वंदीचा लाल निराळा. १९९८ साली वनस्पतिशास्त्रज्ञांनी पेशींतल्या जनुकांवरून फुलझाडांची कुळे नव्याने मांडली, तेव्हाही फड्या माठाच्याच गणात राहिला.

रूप सारखे झाले ते पाण्याच्या ओढीने. पानांतून पाणी उडते. ज्यांची पाने लहान आणि खोड जाड, ती रोपे तगली, त्यांचेच बी पुढे गेले. हे अमेरिकेत घडले, इकडेही घडले, लाखो वर्षे.

कूळ ओळखण्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. दक्षिण भारतात फड्याने रानेच्या राने व्यापली होती. १९२६ साली श्रीलंकेतून एक कापसाळ किडा आणून त्यावर सोडला. हा किडा फड्याच्या कुळावरच जगतो. त्याने फड्या वाळवला. शेजारच्या तिधारीकडे ढुंकूनही पाहिले नाही.