भाड्याच्या संगणकाला आपले कुलूप

बँकांची खाती, इस्पितळांतील रुग्णांच्या नोंदी, शाळांची निकालपत्रके अशी कितीतरी माहिती आज दुसऱ्याच्या संगणकावर भाड्याने जागा घेऊन ठेवली जाते. या व्यवस्थेला ‘क्लाउड’ म्हणजे ढग म्हणतात. नाव ढगाचे असले, तरी हे संगणक जमिनीवरच, मोठमोठ्या इमारतींत ओळीने मांडलेले असतात. आता तुम्ही विचाराल, की संगणक दुसऱ्याचा, तर त्याच्या मालकाला आपली माहिती वाचता येणार नाही का? प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर शोधण्यासाठी आधी ही भाड्याची जागा कशी असते ते पाहू.

एखाद्या वाड्यातील खोल्या जशा निरनिराळ्या बिऱ्हाडांना देतात, तसेच एका शक्तिमान संगणकाचे अनेक भाग पाडतात. प्रत्येक भाडेकरूला वाटते, की आपल्याला एक स्वतंत्र संगणकच मिळाला आहे. याला ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात; आपण ‘आभासी संगणक’ म्हणू. कल्पना तशी जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९७२ साली व्हीएम/३७० ही अशीच प्रणाली जाहीर केली होती. २००६ साली ॲमेझॉनने असे आभासी संगणक तासाच्या हिशेबाने भाड्याने द्यायला सुरुवात केली.

ही वाटणी करणारा प्रोग्रॅम म्हणजे ‘हायपरव्हायझर’. हा वाड्याचा कारभारी. संगणकाची स्मृती ४०९६ बाइटांच्या पानांमध्ये विभागलेली असते. कोणते पान कोणत्या बिऱ्हाडाचे, याची यादी त्याच्याकडे असते. त्यामुळे त्याला प्रत्येक खोलीत डोकावता येते. कारभारी प्रामाणिक असेलही. पण त्याच्याच प्रोग्रॅममध्ये चोर शिरला, तर सगळ्या बिऱ्हाडांची दारे उघडी!

मग माहिती सांकेतिक रूपात का ठेवू नये? डिस्कवर साठवताना आणि तारेतून पाठवताना तसे करतातच. अडचण येते ती काम करताना. गुणांची बेरीज करायची, तर प्रोसेसरला खरे आकडे लागतात. म्हणून काम चालू असेपर्यंत ते स्मृतीत उघडे पडलेले असतात. वीज बंद केली की स्मृती लगेच पुसली जाते, असाही समज होता. पण २००८ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले, की वीज गेल्यावरही काही सेकंद मजकूर टिकतो आणि चिप थंड केली तर आणखी बराच काळ टिकतो. तेवढ्या वेळात त्यांनी स्मृतीतून गुप्त किल्ल्या काढून घेतल्या.

यावर उपाय प्रोग्रॅममध्ये शोधून भागणार नव्हते, कारण सर्वांत वरचा प्रोग्रॅम म्हणजे कारभारी स्वतःच! म्हणून कुलूप थेट प्रोसेसरच्या चिपमध्ये बसवायचे ठरले. एएमडी कंपनीने ही योजना २०१६ साली मांडली आणि २०१७ च्या ‘एपिक’ प्रोसेसरांत प्रत्यक्ष आणली. तिचे नाव ‘एसईव्ही’. प्रोसेसरमधून स्मृतीकडे जाणारी माहिती वाटेतच सांकेतिक होते आणि परत आत येताना उलगडते. प्रत्येक आभासी संगणकाची किल्ली वेगळी. ती चिपमधील एक छोटा स्वतंत्र प्रोसेसर तयार करतो आणि कारभाऱ्याला ती वाचता येत नाही. त्या प्रोसेसरांत किल्ली १२८ बिटांची होती. म्हणजे ३४ या आकड्यापुढे ३७ शून्ये द्यावीत, सुमारे तितक्या शक्यता! एकेक किल्ली लावून पाहणे कोणालाही जमणारे नाही.

एवढ्याने काम झाले का? नाही. २०१८ साली जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांनी एक नामी युक्ती दाखवली. पाने सांकेतिक असली, तरी पानांची यादी अजून कारभाऱ्याच्याच हातात होती. आभासी संगणक बाहेरच्या लोकांना एखादे साधे माहितीपत्रक पाठवत असेल, तर कारभाऱ्याने फक्त यादी बदलायची आणि त्या जागी गुप्त पानाचा क्रमांक लिहायचा. आभासी संगणक बिचारा ते पान आपल्याच किल्लीने उलगडतो आणि स्वतःच्याच हाताने बाहेर पाठवून देतो! कुलूप न तोडताच चोरी झाली. यातून लक्षात आले, की माहिती लपवणे ही एक गोष्ट आणि ती जागच्या जागी आहे याची खात्री ही दुसरी गोष्ट. दोन्ही लागतात.

म्हणून २०२१ च्या एपिक प्रोसेसरांत ‘एसईव्ही-एसएनपी’ ही सुधारणा आली. स्मृतीच्या प्रत्येक पानाचा मालक कोण आणि ते त्याच्याकडे कोणत्या क्रमांकाचे पान आहे, याची दुसरी नोंदवही आता प्रोसेसर स्वतः राखतो. कारभाऱ्याची यादी तिच्याशी जुळली नाही, की काम तिथेच थांबते. इंटेलची ‘टीडीएक्स’ ही योजनाही कारभाऱ्यावर विश्वास न ठेवण्याच्या याच तत्त्वावर उभी आहे.

आणखी एक शंका उरते. दूर कुठेतरी असलेल्या त्या यंत्रात हे कुलूप खरोखर बसवले आहे, हे घरबसल्या कसे कळावे? त्यासाठी चिप एक दाखला देते. त्यात सुरू झालेल्या प्रोग्रॅमचा ठसा असतो आणि खाली चिपची स्वतःची सांकेतिक सही असते. भाडेकरूने सही आणि ठसा तपासायचे आणि दोन्ही जुळले तरच आपली गुप्त माहिती तिकडे पाठवायची.

तरीही ही लढाई संपलेली नाही. डिसेंबर २०२४ मध्ये बेल्जियम, जर्मनी व ब्रिटनमधील संशोधकांनी सुमारे १० डॉलरच्या साहित्यात एसएनपीलाही चकवले. स्मृतीच्या पट्टीवर तिचा आकार सांगणारी एक बारीक चिप असते. त्यांनी तिला आकार खोटाच सांगायला लावला. त्यामुळे एकाच जागेला दोन क्रमांक मिळाले आणि नोंदवहीची तपासणी चुकवता आली. एएमडीने मग संगणक सुरू होतानाच हा खोटेपणा पकडणारी दुरुस्ती दिली. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा : कारभाऱ्यावर विश्वास ठेवावा लागत नसला, तरी चिप बनवणाऱ्यावर ठेवावाच लागतो.

हे सारे वर्गात करून पाहता येईल. पाच पाकिटांत पाच चिठ्ठ्या घालून ती बंद करा. कोणत्या पाकिटात काय आहे, याची यादी एका मित्राकडे द्या. तो पाकीट न उघडता, नुसती यादी बदलून तुम्हाला कसा फसवतो ते पाहा. मग दुसऱ्या मित्राला स्वतंत्र नोंदवही ठेवायला सांगा आणि पहिल्याची लबाडी कितव्या खेपेला पकडली जाते ते मोजा. आता शेवटचा प्रश्न : एकाच पाकिटावर कोणी दोन क्रमांक लिहिले, तर ही नोंदवही पुरेल का? विचार करा आणि आपल्या शिक्षकांशी चर्चा करा.