शब्द दिला की दिला

हॅम रेडिओ म्हणजे माझ्या सासऱ्यांचा जीव की प्राण! १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच हौशी मंडळींनी आपल्या सेटवरून निरोप पोहोचवले, हे ते अभिमानाने सांगत.

ते गेल्यावर सेटचं काय करायचं? परवान्याशिवाय तो घरात ठेवता येत नाही आणि भंगारात द्यायला सासूबाईंचं मन होईना. शेवटी माझ्या मुलाने इंटरनेटवर जाहिरात टाकायला घेतली. 'उत्तम स्थितीत' असं त्याने लिहिताच सासूबाईंनी हटकलं, "अरे, एक बटण अडकतं ना? माईकही बदललाय. तेही लिही."

परवाना असलेल्यालाच सेट द्यायचा, म्हणून आधी त्याची प्रत मागवली. एका कॉलेजच्या मुलाशी किंमत ठरली. दुसऱ्याच दिवशी एकाचा फोन, "दोन हजार जास्त देतो!" खरं सांगते, माझं मन डळमळलं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "शब्द दिलाय ना?"

मग बाकी सगळ्यांना 'सेट विकला गेला' असं कळवलं, कुणाला ताटकळत ठेवलं नाही. तो मुलगा घरी आला, सेट लावून पाहिला आणि ठरलेले पैसे दिले. पुन्हा घासाघीस केली नाही.

मैत्रिणींनो, जुनी वस्तू विकताना दोष आधी सांगावा. घेताना विकणाऱ्याची अडचण पाहून भाव पाडू नये. त्या दोन हजारांची आज मला आठवणही होत नाही. दिवाळीला मात्र त्या मुलाचा फोन येतो, "आजी, आजोबांचा सेट छान चाललाय!"