शिवणयंत्राचा पाय

लोह्यासारख्या तालुक्याच्या गावीं लग्नसराई आली, कीं शिवणयंत्रें रात्रीं उशिरापर्यंत चालतात. आणि खणाच्या चोळीखालीं दोऱ्याचा गुंता झाला, कीं दोष दोऱ्याला दिला जातो. पुष्कळदां कारण असतें सुईजवळच्या, कापड दाबून धरणाऱ्या लहानशा पायांत. शिंपी त्याला ‘फूट’ म्हणतात. तो वर उचललेला असतां दोऱ्याचा ताण सुटतो. तसेंच चाक फिरविलें, तर गुंता ठरलेलाच.

पाय ओळखावा तो तळव्यावरून. दोन बोटें व मध्यें बारीक भोंक, तो सरळ शिवणीचा. एकच बोट असलेला चेन लावण्यासाठीं. तोंडाशीं शंखासारखी मुरड असलेला पाय रुमालाचा काठ आपोआप दुमडतो; जाड खादी मात्र त्यांत शिरत नाहीं, आणि त्याबद्दल पायाला दोष देणें अन्यायाचें होईल. पिकोच्या नागमोडी शिवणीला रुंद फट लागते. तेथें बारीक भोंकाचा पाय राहिला, तर सुई लोखंडावर आपटून मोडते आणि तुकडा डोळ्याकडे उडण्याची भीति असते.

नवा पाय घेतांना तळव्यापासून स्क्रूच्या मध्यापर्यंतची उंची मोजावी. घरगुती यंत्रांत ती बहुधा पाऊण इंच असते. जुना पायच दुकानीं न्यावा, हें अधिक बरें. बसविल्यावर पहिला फेरा चाक हातानें सावकाश फिरवूनच घ्यावा.